विश्लेषण : दम्यावरचे औषध ते 'फॅट बर्नर'… चिनी 'माहुआंग' वनस्पती सुरक्षित की घातक?

'नॅचरल', 'हर्बल', 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' हे शब्द डब्यावर दिसले की आपली निम्मी शंका तिथेच मिटते. झाडपाल्याचे आहे, गुण आला नाही तरी अपाय तर होणार नाही, असा आपला हिशेब असतो. हा हिशेब किती चुकू शकतो, याचे जगातले बहुधा सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण म्हणजे 'माहुआंग' ही चिनी वनस्पती. तिने जवळपास दोन हजार वर्षे चीनमध्ये सर्दी-दम्याच्या रुग्णांना आराम दिला. तिच्यापासून वेगळे केलेले द्रव्य आजही शस्त्रक्रियागृहात वापरले जाते. आणि हीच वनस्पती वजन घटवण्याच्या गोळ्यांमधून विकली जाऊ लागली, तेव्हा मृत्यूंच्या नोंदी झाल्या आणि २००४ मध्ये अमेरिकेला तिच्यावर बंदी घालावी लागली. वनस्पती तीच, मग असे का घडले?

माहुआंग म्हणजे नेमके काय?

माहुआंग हे 'इफेड्रा' या वनस्पतीचे चिनी नाव. उत्तर चीन आणि इनर मंगोलियाच्या कोरड्या, थंड माळरानांवर हे खुरटे झुडूप वाढते. पाने जवळपास नसतातच. हिरव्या, पेरेपेरे असलेल्या बारीक काड्यांचा झुबका असे तिचे रूप असते. औषधात वापरतात त्या या काड्या. चिनी औषधसंहितेने इफेड्रा सिनिका, इफेड्रा इंटरमीडिया आणि इफेड्रा इक्विसेटिना या तीन जाती मान्य केल्या आहेत.

'शेननोंग बेन्काओ जिंग' या चीनच्या सर्वात जुन्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात माहुआंगची नोंद आहे. इसवी सन २०० च्या सुमारास वैद्य झांग झोंगजिंग यांनी रचलेल्या ज्वरावरील ग्रंथात 'माहुआंग तांग' हा काढा आहे. माहुआंग, दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, जर्दाळूच्या बिया आणि ज्येष्ठमध अशी चारच द्रव्ये त्यात पडतात. हा काढा आजच्या चिनी वैद्यकातही शिकवला जातो.

पारंपरिक वापराचे नियम काय होते?

नियम होते आणि ते बरेच कडक होते, हा या विषयातला सर्वाधिक दुर्लक्षित भाग. थंडी वाजून ताप आला आहे, अंग दुखते आहे आणि घाम मात्र येत नाही, अशा रुग्णाला घाम आणण्यासाठी माहुआंग द्यायचे. धाप लागणे आणि अंगावर सूज येणे, हे तिचे आणखी दोन उपयोग. ज्याला आधीच घाम येतो आहे, जो अशक्त आहे, ज्याला झोप लागत नाही, त्याला ते देऊ नये, असे परंपराच सांगते. घाम सुटला की काढा बंद. थोडक्यात, हे काही दिवसांचे औषध होते, महिनोन्‌महिने घ्यायचे 'टॉनिक' नव्हते.

आणखी एक गमतीचा तपशील. याच झुडपाचे मूळ चिनी वैद्यकात नेमके उलट कामासाठी, म्हणजे घाम थांबवण्यासाठी वापरतात. काडी आणि मूळ ही तिथे दोन वेगळी औषधे आहेत. 'इफेड्रा अर्क' एवढेच लिहिलेल्या डब्यावरून ग्राहकाला यातले काहीही कळत नाही.

आधुनिक विज्ञानाला त्यात काय सापडले?

१८८५ मध्ये जपानचे रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी या काड्यांमधून 'इफेड्रिन' हे द्रव्य वेगळे केले. त्याकडे जगाचे लक्ष गेले ते मात्र १९२० च्या दशकात. बीजिंगमधील पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजमध्ये के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी १९२४ मध्ये त्याच्या परिणामांवरचे संशोधन प्रसिद्ध केले. शरीरातल्या अ‍ॅड्रिनलिनसारखेच काम इफेड्रिन करत होते. फरक एवढाच, की अ‍ॅड्रिनलिन इंजेक्शननेच द्यावे लागे आणि त्याचा परिणाम लवकर ओसरे. इफेड्रिन तोंडाने घेता येत होते आणि जास्त वेळ टिकत होते. दम्याच्या रुग्णांसाठी ही मोठीच सोय होती. पुढची काही दशके जगभर दम्यावर इफेड्रिनच्या गोळ्या दिल्या गेल्या.

भारतातही यावर काम झाले. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. राम नाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातील इफेड्राच्या जातींचा अभ्यास केला.

इफेड्राच्या काड्यांमध्ये इफेड्रिन एकटे नसते. स्यूडोइफेड्रिन हे त्याचे भावंडही असते. चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये हेच द्रव्य वापरले गेले.

शरीरात ते काम कसे करते?

समोर अचानक साप दिसला तर काय होते? छाती धडधडते, श्वास वेगाने चालतो, झोप उडते, भूक विसरते. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअ‍ॅड्रिनलिन बाहेर पडल्याने हे घडते. साप नसतानाही इफेड्रिन हीच यंत्रणा चालू करते. श्वासनलिका रुंदावतात, म्हणून दम्यात आराम पडतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून नाकातली सूज उतरते. पण त्याच वेळी रक्तदाब आणि हृदयाचे ठोकेही वाढतात. हवा तो परिणाम आणि नको तो परिणाम एकाच कळीने चालू होतात. एक घेऊन दुसरा टाळता येत नाही.

यात कॅफिनची भर पडली तर काय? इफेड्रिन जेव्हा उत्तेजना वाढवते, तेव्हा शरीर ती आवरण्यासाठी स्वतःचे ब्रेक लावते. कॅफिन या ब्रेकची पकड ढिली करते. त्यामुळे दोन्ही एकत्र घेतले की परिणाम जास्त तीव्र होतो आणि जास्त वेळ राहतो. वजन घटवण्याच्या गोळ्या बनवणाऱ्यांनी नेमकी हीच जोडी निवडली.

अमेरिकेत नेमके काय घडले?

१९९४ मध्ये अमेरिकेत आहारपूरक पदार्थांचा नवा कायदा आला. औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित आणि गुणकारी असल्याचे कंपनीला सिद्ध करावे लागते. पूरक पदार्थांच्या बाबतीत हे ओझे उलटे झाले. पदार्थ घातक आहे, हे सरकारी यंत्रणेने सिद्ध करायचे आणि तोपर्यंत तो विकला जाणार. माहुआंगच्या गोळ्या याच दारातून बाजारात शिरल्या. 'चरबी जाळा', 'ऊर्जा वाढवा', 'व्यायामाची क्षमता वाढवा' असे दावे करत त्या सर्रास विकल्या जाऊ लागल्या.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १९९७ मध्ये मात्रेवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. उद्योगाने विरोध केला, पुरावा अपुरा असल्याची टीका झाली आणि प्रस्तावाचा मोठा भाग मागे घ्यावा लागला. दरम्यान तक्रारी वाढत होत्या.

१७ फेब्रुवारी २००३ रोजी बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा २३ वर्षांचा गोलंदाज स्टीव्ह बेक्लर याचा फ्लोरिडातील सराव शिबिरात उष्माघाताने मृत्यू झाला. तो वजन घटवण्यासाठी इफेड्रायुक्त गोळ्या घेत होता. त्याचे वजन जास्त होते, रक्तदाबाचा त्रास होता आणि त्याने पुरेसे खाल्लेलेही नव्हते. त्यामुळे दोष एकट्या गोळीचा नव्हता. पण शवचिकित्सा करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी इफेड्रा हा मृत्यूला हातभार लावणारा घटक ठरवला. कारण समजण्यासारखे आहे. व्यायामात तापलेले शरीर त्वचेकडे रक्त पाठवून उष्णता बाहेर टाकते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या असतील तर ही वाट अरुंद होते. चिनी वैद्य घाम आणण्यासाठी जे औषध अंथरुणावर पडलेल्या रुग्णाला देत, ते इथे भर उन्हात धावणारा खेळाडू घेत होता.

३० डिसेंबर २००३ रोजी बंदीची घोषणा झाली आणि १२ एप्रिल २००४ पासून ती लागू झाली. एका कंपनीने न्यायालयात आव्हान दिले. २००५ मध्ये युटाच्या न्यायालयात तिला अंशतः यशही आले. मात्र २००६ मध्ये अपील न्यायालयाने बंदी कायम ठेवली.

पुरावा काय सांगत होता?

२००३ मध्ये रँड या संशोधन संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. इफेड्राने वजन घटते का? हो, घटते. नुसत्या पिठाच्या गोळीच्या तुलनेत महिन्याला सुमारे ०.९ किलो जास्त. पण हे निष्कर्ष अल्पकाळापुरतेच होते. सहा महिन्यांपलीकडे गेलेली एकही चाचणी नव्हती. मग दुसऱ्या पारड्यात काय? धडधड, मानसिक अस्वस्थता, मळमळ-उलटी अशा त्रासांची शक्यता २.२ ते ३.६ पट.

याच अभ्यासात १६ हजारांहून अधिक तक्रारी तपासल्या गेल्या. बहुतेकांची कागदपत्रे इतकी अपुरी होती की निष्कर्ष काढता येत नव्हता. पण इफेड्रा किंवा इफेड्रिन घेतल्यानंतर घडलेल्या आणि दुसरे कारण न सापडलेल्या गंभीर घटनांमध्ये ५ मृत्यू, ५ हृदयविकाराचे झटके आणि ११ पक्षाघात होते. यातील सुमारे निम्म्या व्यक्तींचे वय ३० किंवा त्याहून कमी होते. पक्षाघात हा उतारवयाचा आजार मानणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासाने वेगळ्या बाजूने मोजणी केली. अमेरिकेत वनौषधींच्या एकूण विक्रीत इफेड्रायुक्त उत्पादनांचा वाटा १ टक्क्याहूनही कमी होता. पण विषबाधा केंद्रांकडे आलेल्या वनौषधींच्या दुष्परिणामांच्या नोंदींमध्ये त्यांचा वाटा ६४ टक्के होता.

डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाचे काय? २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत इफेड्राच्या २० उत्पादनांपैकी निम्म्यांमध्ये डब्यावरचा आकडा आणि आतला माल यांत २० टक्क्यांहून जास्त तफावत निघाली.

औषध चालते, मग गोळी का नाही?

कंपन्यांचा हा युक्तिवाद तसा बिनतोड वाटतो. दम्यासाठी दुकानात मिळणाऱ्या इफेड्रिनच्या गोळीला अमेरिकेत दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी होती. पूरक पदार्थ बनवणाऱ्या उद्योगाची स्वतःची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम होती. मग कमी मात्रेवर बंदी आणि जास्त मात्रेला परवानगी, हा कुठला न्याय?

चिनी काढ्याचाही हिशेब करून पाहू. चिनी औषधसंहितेनुसार माहुआंगची दिवसाची मात्रा २ ते १० ग्रॅम आहे आणि काड्यांमध्ये इफेड्रिन व स्यूडोइफेड्रिन मिळून किमान ०.८ टक्के असायला हवे. म्हणजे १० ग्रॅम काड्यांमध्ये सुमारे ८० मिलिग्रॅम. उकळताना सगळे पाण्यात उतरत नाही, हे धरले तरी आकडा गोळीच्या आसपासच जातो. म्हणजे 'काढा सौम्य आणि गोळी तीव्र' एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही.

फरक मिलिग्रॅमच्या बाहेर आहे. दम्याच्या रुग्णाला श्वास मिळतो, तेव्हा छातीची धडधड हा सोसण्याजोगा सौदा असतो. निरोगी माणसाला महिन्याला ०.९ किलोसाठी तोच धोका पत्करायला लावणे, हा नव्हे. एफडीएने कायद्यातल्या 'अवाजवी धोका' या शब्दांचा अर्थ असाच लावला : धोका किती, हे फायद्याशी तोलूनच ठरवायचे. दुसरा फरक मुदतीचा. काढा काही दिवसांचा, गोळी काही महिन्यांची. तिसरा जोडीचा. काढ्यात ज्येष्ठमध, गोळीत कॅफिन. आणि चौथा फरक माणसाचा. काढा देण्यापूर्वी वैद्य नाडी पाहतो, प्रश्न विचारतो, नको त्याला नकार देतो. डबा कोणालाच नकार देत नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या बंदीतून पारंपरिक आशियाई वैद्यकातला वापर वगळला गेला. बंदी होती ती पूरक पदार्थांवर.

आज त्याचा वैद्यकीय उपयोग काय?

दम्यासाठी इफेड्रिन आता मागे पडले आहे. सल्ब्युटामॉलसारखी इनहेलरमधून घ्यायची औषधे थेट श्वासनलिकांवर काम करतात आणि हृदयाला तुलनेने कमी त्रास देतात. पण सिझेरियनसारख्या शस्त्रक्रियेत मणक्यात भूल दिल्यावर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ इफेड्रिनचे इंजेक्शन वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते याच कामासाठी आहे. मात्रा मोजलेली, पडद्यावर रक्तदाब दिसतो आहे, शेजारी डॉक्टर उभा आहे. रक्तदाब वाढवण्याचा जो गुण गोळीत घातक ठरला, तोच इथे उपयोगी पडतो.

करोना काळात चीनमध्ये प्रचंड प्रमाणात वाटल्या गेलेल्या 'लियानहुआ चिंगवेन' या कॅप्सूलमध्येही माहुआंग असते. २०२२ मध्ये शांघाय आणि हाँगकाँगमध्ये ती घरोघरी पोहोचवली गेली. ऑस्ट्रेलियाने मात्र त्यातल्या इफेड्रामुळेच तिच्या आयातीला मज्जाव केला.

खेळाडूंनी सावध का राहायचे?

१९९४ च्या फुटबॉल विश्वचषकातून दिएगो मॅराडोनाला बाहेर काढले गेले, ते इफेड्रिन गटातील द्रव्ये चाचणीत आढळल्याने. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये रोमानियाची जिम्नॅस्ट आंद्रेआ रादुकान हिचे सुवर्णपदक काढून घेतले गेले. तिला संघाच्या डॉक्टरने दिलेल्या सर्दीच्या गोळीत स्यूडोइफेड्रिन होते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, नियमांनुसार स्पर्धेदरम्यान मूत्रात इफेड्रिन प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅमच्या वर आणि स्यूडोइफेड्रिन १५० मायक्रोग्रॅमच्या वर आढळले तर तो गुन्हा ठरतो. 'मी तर जडीबुटी घेतली होती' हा बचाव तिथे चालत नाही.

भारताशी आणि महाराष्ट्राशी संबंध काय?

लाहौल-स्पिती, किन्नौर, लडाख या भागांत इफेड्रा जेरार्डियाना ही जात वाढते. आयुर्वेदिक बाजारात ती 'सोमलता' नावाने दम्यासाठी विकली जाते. गोंधळ असा, की दख्खनच्या खडकाळ भागात वाढणाऱ्या, चीक असलेल्या एका वेगळ्याच वेलीलाही सोमलता किंवा सोमवल्ली म्हणतात. तीही जवळपास पर्णहीनच. नाव एक, वनस्पती दोन. त्यामुळे पुडीवर केवळ 'सोमलता' वाचून आत काय आहे, हे ठरवता येत नाही. वेदांतला सोम म्हणजे हीच वनस्पती का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मात्र पारशी धर्मविधींत 'होम' म्हणून डाळिंबाच्या काडीसोबत कुटल्या जाणाऱ्या काड्या इफेड्राच्याच असतात.

दुसरा धागा कमी पवित्र आहे. मेथॅम्फेटामिन हे अमली द्रव्य इफेड्रिनपासून बनवता येते. १८९३ मध्ये ते पहिल्यांदा तयार केले, तेही नागाई यांनीच. म्हणून भारतात इफेड्रिन आणि स्यूडोइफेड्रिन ही अमली पदार्थविरोधी कायद्याखालची नियंत्रित द्रव्ये आहेत. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या एका औषध कारखान्यातून १८ टनांहून अधिक इफेड्रिन जप्त केले होते. तो माल झुडपापासून नव्हे, कारखान्यात तयार झालेला होता. आज औषधांसाठी लागणारे बरेचसे इफेड्रिन असेच बनते. चीनने २००० मध्ये माळरानांची धूप रोखण्यासाठी रानातील माहुआंगच्या बेसुमार तोडणीवर निर्बंध आणले.

कोणी घेऊच नये? काय तपासावे?

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, थायरॉइडचा अतिरेक, मधुमेह, काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, चिंताविकार किंवा फिट्सचा त्रास असलेल्यांनी इफेड्रापासून लांब राहावे. गर्भवती आणि स्तनदा मातांनीही. नैराश्यावरील एमएओआय गटातील औषधांसोबत ते घेतल्यास रक्तदाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. सर्दीच्या गोळीत स्यूडोइफेड्रिन असेल तर त्यावर माहुआंगचा काढा म्हणजे त्याच औषधाची दुहेरी मात्रा. खुद्द स्यूडोइफेड्रिनबाबतही युरोपीय औषध संस्थेने अलीकडे सावध केले आहे : गंभीर किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब आणि तीव्र मूत्रपिंडविकार असलेल्यांनी ते घेऊ नये.

ऑनलाइन मागवलेल्या 'फॅट बर्नर'च्या किंवा 'प्री-वर्कआउट'च्या डब्याची मागची बाजू वाचा. माहुआंग, इफेड्रा, इफेड्रा सिनिका, सोमलता, इफेड्रिन ही सगळी एकाच घरातली नावे आहेत. 'इफेड्रा-फ्री' लिहिले असले तरी निश्चिंत होऊ नका. बंदीनंतर अनेक कंपन्यांनी कडू संत्र्याचा अर्क वापरायला सुरुवात केली. त्यातले सिनेफ्रिन हे द्रव्य रचनेने इफेड्रिनच्या जवळचेच आहे. त्याच्या जोडीला कॅफिन, ग्रीन टी अर्क किंवा ग्वाराना दिसले तर जुनीच जोडी नव्या कपड्यांत आली आहे, असे समजा.

असे काही घेतल्यानंतर छातीत दुखणे, अनियमित धडधड, अचानक तीव्र डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणे किंवा हातापायातली शक्ती गेल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर 'पित्त असेल' म्हणून थांबू नये. थेट रुग्णालय गाठावे आणि डबा सोबत न्यावा. डॉक्टरांनी 'कोणते औषध घेता?' असे विचारल्यावर 'औषध काही नाही' असे उत्तर बहुतेक जण देतात, कारण जडीबुटी ते औषधात धरतच नाहीत. निदान लांबते ते इथेच.